‘वाचता आलं नाही’ म्हणणारी डबी

तोकमोक,
बुधवार, सकाळ

प्रिय एल्दियार,

आधी तुझं काम उरकते, नाहीतर म्हणशील बुरुल एजे नेहमीसारख्या भलतीकडेच वळल्या. वाचून दाखवणाऱ्या तुझ्या डबीत काय सुधारणा हव्यात, ते वापरणाऱ्या चाळीसही जणांनी कळवायचं, असं तू महिन्यापूर्वी सांगितलं होतंस. परवा शुक्रवारी तिथे बिश्केकला तुमची बैठक आहे आणि तीत आणखी दोनशे डब्या बनवायचं ठरणार आहे. म्हणून हे पत्र दुपारच्या मिनीबसच्या ड्रायव्हरकडे देणार आहे. फोन का केला नाही विचारू नकोस. फोनवर तू लाडात येऊन, थोरल्या बहिणीला विचारावं तसं “कशा आहात एजे?” म्हणशील आणि मी विरघळेन. हल्ली माझा माझ्यावरच भरवसा राहिलेला नाही.

तर मागण्या. डबीला वरच्या कोपऱ्यात एक भोक ठेव, दोरी ओवायला. आत्ता एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात डबी, मग बाजारात बटाटे काय दातांनी उचलायचे? बंद करायचं बटण आणि आवाज वाढवायचं बटण दोन्ही सारखीच गुळगुळीत आहेत, एकावर उंचवटा दे. आणि कानातली वायर निसटली की तिने तोंड मिटावं रे बाबा! पेन्शनच्या कचेरीत मी माझा दवाखान्याचा कागद ऐकत होते, वायर निसटली, आणि बुरुलला साखरेचा आजार आहे हे अख्ख्या रांगेला कळलं. मागची एक बाई लगेच कारल्याचे गुण सांगायला लागली. आपली किर्गीज वाचताना ती कालच गावात आल्यासारखी अडखळते, तेही बघ. पण ते सावकाश केलंस तरी चालेल.

डबीवर माझा राग आहे असं समजू नकोस. साठीला टेकलेल्या बाईला स्वतःचं पत्र स्वतः ऐकता आलं, तेव्हा मी काय रडले होते, ते ओरोजला विचार. त्याआधी आमचा प्रत्येक कागद शेजारच्या गालिनाने वाचायचा आणि संध्याकाळपर्यंत तो चारही मजल्यांना पाठ व्हायचा. बाई मनाने वाईट नाही, पण तिच्या पोटात काही राहत नाही. डबी आली त्या दिवशी मी तिला म्हटलं, “गालिना, आजपासून तुझ्या चष्म्याला सुट्टी.” ती आठवडाभर रुसली होती. ओरोज मात्र पहिल्या दिवसापासून डबीला पोपट म्हणतो. “काय म्हणतो तुझा पोपट?” असं विचारून मला चिडवायचं, हा माझ्या नवरोबांचा सकाळच्या चहाबरोबरचा कार्यक्रम होता.

होता म्हटलं, कारण ओरोज गेल्या गुरुवारपासून दवाखान्यात आहे. जिवावरचं टळलंय, घाबरू नकोस. तुला कुणी कळवलं नसेल, कारण मीच कळवू दिलं नाही. सकाळी नान आणायला उतरला आणि जिन्यात भोवळ येऊन कोसळला. अंगाला दरदरून घाम, तोंडातून शब्द फुटेना. दवाखान्यात म्हणाले, रक्तातली साखर पार तळाला गेली होती. पडताना उजवा हात अंगाखाली आला आणि मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये आहे, आणि बोटांना अजून काही कळत नाही. कळायला लागेल का, असं मी डॉक्टरांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ते म्हणाले, बघू. ओरोज उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने वाचतो, तुला माहीत आहे. ते बोट गेलं तर तो दुसऱ्यांदा आंधळा होईल, आणि या खेपेला माझ्यामुळे.

हो, माझ्यामुळे. लिहिलं एकदाचं. आता पुढचं लिहिते.

तुझ्या बुटांच्या नाड्या बांधायला तुला ओरोजनेच शिकवलं होतं. या माणसाचा सगळा संसार गाठींवर चालतो. आमच्या औषधाच्या दुकानात गोळ्यांची पूर्ण पट्टी कुणी घेत नाही, हव्या तेवढ्या गोळ्या कात्रीने कापून देतात. पुड्या हातात पडल्या की ओरोज तिथेच उभा राहून विचारणार, ही कुठली, ती कुठली. मग खिशातली सुई काढून पट्टीच्या कोपऱ्यात भोक पाडणार आणि दोरा ओवणार. त्याच्या रक्तदाबाच्या पट्टीला एक गाठ, माझ्या साखरेच्या पट्टीला दोन. बावीस वर्षांत एकदाही चुकला नाही. मागच्या मागच्या आठवड्यात आणलेल्या पट्ट्यांनाही त्याने असेच दोरे बांधले, आणि मी ते कापून टाकले. डबी घरात आल्यावर हे दोरे कशाला? मला त्यांची लाज वाटत होती रे. आलेगेले खणातल्या त्या दोऱ्यांना हात लावून हसायचे. मी म्हटलं, “ओरोज, आता गाठींचे दिवस संपले. पोपट वाचतो.” तो म्हणाला, “पोपट वाचत नाही बुरुल, बोलतो.” मी म्हटलं, तुझं आपलं काहीतरीच.

गेल्या आठवड्यात सोमवारी सकाळी त्याच्यासाठी नवी पट्टी काढली आणि डबीसमोर धरली. कात्री नेमकी नावावरून गेली होती. अर्धं नाव दुकानात राहिलं, अर्धं माझ्या हातात होतं. मला ते कसं दिसणार? दिसायचं ते तुझ्या डबीला. तिने एक क्षणही न अडखळता, ठणठणीत आवाजात, रक्तदाबाच्या गोळीचं पुरं नाव सांगितलं. माझी स्वतःची जुनी पट्टी अजून शिल्लक होती, म्हणून मला काही झालं नाही. ओरोजला मी तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ, माझी साखर उतरवणारी गोळी दिली. माझ्या हाताने, चहाबरोबर. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, हात थरथरताहेत. मी म्हटलं, म्हातारा झालास.

गुरुवारी दवाखान्यातून घरी आले आणि ती पट्टी घेऊन गालिनाकडे गेले. तिने चष्मा लावला, पट्टी दोनदा उलटसुलट केली. शेवटी म्हणाली, “बुरुल, ही तर तुझी.” एवढंच. तेव्हापासून तिने कुणाकडे चकार शब्द काढलेला नाही. गालिना गप्प आहे, यावरून ओळख काय झालंय ते.

डॉक्टरांना ओरोजने शुद्धीवर आल्या आल्या सांगितलं, “चूक माझी, मीच अंदाजाने घेतली.” मी शेजारी उभी होते. डॉक्टर म्हणाले, “दोघंही आंधळी, मग औषधं घरात ठेवताच कशाला? कुणीतरी डोळस माणूस नको का?” एल्दियार, चाळीस वर्षं मी मुलांना शिकवलं, की आपल्याला कुणाचे डोळे उसने घ्यावे लागत नाहीत. आणि त्या दिवशी ते वाक्य मी खाली मान घालून ऐकून घेतलं. बावीस वर्षं न चुकलेला माणूस माझ्यासाठी अडाणी ठरला, तरी मी गप्प.

इथेच थांबले असते तरी एक वेळ ठीक होतं. या सोमवारी आपल्या अंधांच्या संस्थेत डबी वापरणाऱ्या सगळ्यांना बोलावलं होतं. आपला अध्यक्ष तेमिरकुल स्वतः दारात उभा होता. त्याला खोटं पाडावं असं मला वाटत नाही. या डब्यांसाठी तो अकरा वर्षं दारोदार फिरलाय, त्याच्या काठीची तीन टोकं झिजली. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, “एजे, काही लहानसहान असेल तर मागाहून बघू. एक जरी तक्रार लेखी गेली तर पैसे देणारे हात झटकतील. दोनशे माणसं डोळे लावून बसलीत.” स्वतःच्या शब्दांवर स्वतःच हसला आणि म्हणाला, “म्हणजे कान लावून.” मीही हसले. आणि ‘तक्रार नाही’ या कागदावर सही केली. सहीसाठी पुठ्ठ्याची चौकट दिली होती, माझं बोट चौकटीबाहेर घसरलं, तेव्हा तेमिरकुलने माझा हात धरून पुन्हा करून घेतली. म्हणजे मी तो खोटेपणा दोनदा केला.

तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे. त्या दोनशे घरांतही खण आहेत. खणांत कापलेल्या पट्ट्या आहेत. कुणाची तरी आई असेल, कुणाचं तान्हं मूल असेल. आणि तिथली बाईसुद्धा माझ्यासारखीच शहाणी निघाली, तर दोरे कापून टाकेल.

आता तुला बोलते, ऐकून घे. डबी द्यायला आलास तेव्हा किती खुशीत सांगितलं होतंस, “एजे, शब्द अर्धा असला तरी ती ओळखून पुरा करते!” मी टाळ्या वाजवल्या होत्या. टाळ्या वाजवताना मला काहीतरी आठवत होतं, काय ते कळत नव्हतं. सोमवारी सही करून घरी येताना आठवलं. तू आठ वर्षांचा होतास. राजधानीतून तपासनीस आले होते आणि मी तुला वाचायला उभं केलं होतं. पुस्तक जुनं, इतक्या मुलांची बोटं फिरून ठिपके सपाट झालेले. तुझं बोट मध्येच थबकलं. आणि मग तू सुरू झालास, काय तो आवाज, काय तो थाट! त्या पानावर लांडगा नव्हताच. तू लांडगा आणलास, बर्फ आणलं, मेंढपाळाला झाडावर चढवलंस. तपासनिसांना ब्रेल कुठे येत होतं? ते म्हणाले, “शाबास!” शाळेला नव्या पुस्तकांचं कपाट मिळालं. मला ते पान तोंडपाठ होतं. मी तुझा कान धरायला हवा होता, म्हणायला हवं होतं की कळलं नाही तर कळलं नाही म्हण. ते न करता मी तुला वाटीभर कणकेचे बोर्सोक तळून दिले. ती खोड तुझ्या बोटातून तुझ्या डबीत उतरली असेल, तर त्यात माझेही बोर्सोक आहेत.

काल दवाखान्यात गेले होते. ओरोज म्हणाला, “पिशवीत काय आहे?” त्याच्या रक्तदाबाच्या नव्या गोळ्या होत्या, आणि घाईत गालिनाला दाखवलेली ती पट्टीही तशीच पिशवीत राहिली होती. त्याने डाव्या हाताने दोन्ही चाचपल्या. त्या पट्टीच्या कोपऱ्यात त्याला भोक लागलं, दोरा लागला नाही. त्याचं बोट त्या भोकावर थांबलं. मला वाटलं, आता बोलेल, आता शिव्या घालेल. मला शिव्या हव्या होत्या रे. तो म्हणाला, “उद्या येताना सुई-दोरा आण. डाव्या हाताने जमतं का बघतो. नाही जमलं तर गाठ तू मार.” बाहेर येऊन मी भिंतीला टेकून रडले.

म्हणून हे पत्र. वर ज्या मागण्या लिहिल्या, भोक, उंचवटा, वायर, त्या सगळ्या राहू देत. माझी मागणी एकच. डबीला ‘वाचता आलं नाही’ म्हणता आलं पाहिजे. अर्धं दिसलं तर ‘अर्धंच आहे, बाकीचं मला ठाऊक नाही’ असं तिने सांगावं, आणि जेवढं दिसलं तेवढं एकेक अक्षर वाचावं. ते तिला येईपर्यंत ते दोनशे थांबव. शुक्रवारी हे पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाच, माझ्या नावासकट. सही माझी होती, ती मीच मागे घेते, आणि ओरोजने चूक केली नाही हेही त्यात येऊ दे. तेमिरकुल आयुष्यभर माझ्याशी बोलणार नाही. तुझंही काम जाईल कदाचित. मला ते कळतंय आणि तरीही मागतेय. पानं गाडीत दबतील, काही ठिपके बुजतील. जिथे बोट अडेल तिथे थांब, बाळा. आपल्या मनाचं काही घालू नकोस. मला विचार.

तुझीच,
बुरुल एजे