बेशुद्ध करण्याचा नियम

मी, बालाजी अंकुशराव बिरादार, वय बेचाळीस, हायस्कूलचा विज्ञान शिक्षक, राहणार मुडबी, तालुका बसवकल्याण, हे स्वतःच्या हाताने लिहितो. पोटातल्या कॅन्सरने निम्मं शरीर नेलं आहे, डोकं अजून माझंच आहे. कोणाचा दाब नाही, कोणाची भीड नाही. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही. हे पहिलं आणि हेच शेवटचं.

१. ओढ्याकडची दोन एकर तुरीची जमीन बहीण शिवकन्या, राहणार उदगीर, हिला. ती नको म्हणेल. तिने घ्यावीच. वाटणीच्या वेळी तिला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं, न विचारणाऱ्यांत मीही होतो.

२. माझी स्कूटी शाळेचा शिपाई बंडेप्पा याला. चुलतभाऊ मल्लिकार्जुन ती मागतो आहे, त्याला देऊ नये. तो चौकात माझ्या भावाच्या चालण्याची नक्कल करून लोकांना हसवतो. मी दोनदा पाहिलं आहे आणि तेव्हा काही बोललो नाही, म्हणून इथे लिहितो.

३. दुर्बीण शाळेला. कपाटात कुलूप लावून ठेवायची नाही.

४. खेळाची वही आणि फाशांची पिशवी. याबद्दल जरा सविस्तर लिहावं लागेल.

कडगंचीला विद्यापीठात शिकत असताना मला हा खेळ लागला. टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातले योद्धे, चोर, जादूगार व्हायचं. वार लागला की चुकला ते फासे ठरवणार. सुट्टीत गावी आलो की धाकटा भाऊ राम, गावातला मित्र अमरदीप आणि मी असे तिघं बसायचो. गोष्ट सांगणारा नेहमी मी. नियमांची वहीही मीच मराठीत लिहिली. पान एकोणीसवर असा नियम आहे की, समोरच्याला ठार करायचं नसेल तर वार करणाऱ्याने आधी तसं सांगावं. मग तो मरत नाही, बेशुद्ध पडतो, आणि झोप झाली की त्याच्या जीवाचे सगळे पॉइंट भरून येतात.

अमरदीपला हा नियम कधी पटला नाही. त्याचे वडील पिराजी सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय होते. तो म्हणायचा, "डोक्यात दांडा घालायलास आणि वर म्हणायलास मारायचं न्हाई. मग ते माणूस सकाळी ठणठणीत कामून उठतंय? अशानं जलमभर अधू व्हतंय."

मी म्हणायचो, "आग ओकणारा ड्रॅगन चालतोय, आन् हे चालंना व्हय?"

१९ मे २०१३, रविवार, भर दुपारी हाच वाद वाढला. राम मस्तीत उठून उभा राहिला. "मी पहारेकरी. अण्णा, मार बघू. कर बेशुद्ध." त्याला गंमत हवी होती, मला वाद जिंकायचा होता. शाळेच्या नाटकातली लाकडी तलवार घरात होती. मुठीला गोणपाट गुंडाळलं, "ठार करायचं न्हाई" असं मोठ्याने जाहीर केलं आणि मागून त्याच्या डोक्यात मूठ हाणली. हळू हाणली असं मी बारा वर्षं स्वतःला सांगत आलो. हळू नव्हती.

तो पडला, उठला, हसला, पाणी प्याला. थोड्या वेळाने डोकं दुखतंय म्हणाला, मग उलटी झाली. अमरदीप म्हणाला, "दवाखान्यात नेऊ. झोपू देऊ नको." मी म्हणालो, "झोपू दे. उठला की सगळे पॉइंट भरत्यात." आम्ही दोघं भाऊ हसलो. अमरदीप रागाने निघून गेला. मी गादी घातली, पंखा लावून दिला. मी, विज्ञानाचा पदवीधर. दिवेलागणीला राम उठेना.

कलबुर्गीला ऑपरेशन झालं, जीव वाचला. डावी बाजू आणि बोलणं पुरतं परत आलं नाही. डॉक्टरांना आणि आमची आई कलाबाई हिला मी सांगितलं की जिन्यावरून पडला. अमरदीपला घाईने जाताना काही लोकांनी पाहिलं होतं. त्यानेच काहीतरी केलं असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. मी गप्प राहिलो. त्याने गाव सोडलं. आई मरेपर्यंत त्यालाच शिव्याशाप देत होती आणि मी तिला औषध पाजत होतो.

म्हणून लिहून देतो: रामच्या डोक्यात मी मारलं. अमरदीपचा यात काहीही दोष नाही. हे कलम चावडीवर मोठ्याने वाचावं. वही आणि फासे अमरदीपचे. पान एकोणीस त्याने फाडावं किंवा नव्याने लिहावं. रामला मी काल सगळं सांगितलं. तो माझ्याकडे बघून हसला, त्याला ती खेळातली गोष्ट वाटली.

५. राम. तो आता चौतीस वर्षांचा आहे. त्याला शर्टाची बटणं लावता येत नाहीत आणि चालताना कोणाचा तरी खांदा लागतो. शिवकन्याला विचारलं. ती म्हणाली, "अण्णा, सासरच्या घरात मलाच कोण इचारतंय? रामला कुठं ठेवू?" खरंच आहे ते. एका निवासी संस्थेत त्याचं नाव घातलं. दाखवायला नेलं तर फाटकाचा गज सोडेना. "अण्णा, घरला चल," एवढंच म्हणत राहिला. जो कोणी त्याला जन्मभर सांभाळेल त्याला हे घर आणि माझ्या बँकेतलं सगळं. असं कोणी पुढे आलं नाही तर सगळं संस्थेला, आणि राम तिथे. हे लिहिताना माझ्याने बसवत नाही.

६. साक्षीसाठी अमरदीपला बिदरहून बोलावलं आहे. बारा वर्षांनी फोन केला. "येतो," एवढंच म्हणाला. त्याच्याकडे सहीपलीकडे काही मागायचं माझं तोंड नाही. त्याने आधी सगळं वाचावं, मगच सही करावी.

ठिकाण: मुडबी
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५
सही: बालाजी अंकुशराव बिरादार

साक्षीदार पहिली: गौरम्मा पाटील, मुख्याध्यापिका (सही)

साक्षीदार दुसरा: अमरदीप पिराजी कांबळे

सही करत नाही. साक्षीदाराला या कागदातून काही घेता येत नाही, असं गौरम्मा मॅडमनी सांगितलं. त्या दुपारी मोटरसायकलची किल्ली माझ्या खिशात होती. रामला मागे बसवून नेता आलं असतं. तुम्ही हसलात म्हणून मी रुसून एकटाच गेलो. कलम पाचमध्ये माझं नाव घाल, बालाजी. साक्षीदार दुसरा कोणी बघ.

कलम पाचमध्ये रामला सांभाळणारा म्हणून अमरदीपचं नाव घातलं. सर्वांसमोर पुन्हा सही: बालाजी अंकुशराव बिरादार

साक्षीदार पहिली: गौरम्मा पाटील (पुन्हा सही)
साक्षीदार दुसरा: बसवंतप्पा हूगार, शेजारी (सही)