देवीचं नाक

पौष शु. ६
मुखवट्याचा दुसरा पत्राही नाकाशी फाटला. पहिला फाटला तेव्हा तांब्याला दोष दिला; आज ती सोय नाही. चार ठोके जास्त मारायची हाव, पत्रा पुन्हा तापवला नाही. मुखवट्यात नाक सर्वांत वर, म्हणून तिथंच तांबं सर्वांत पातळ. हे बाबांनी मला मिसरूड फुटायच्या आधी शिकवलं होतं.
अण्णा दुकानातून डोकावले. "शिमग्यापर्यंत कर काय करायचं ते. पाडव्यापासून माझ्या शेजारी हंड्यांवर बसायचं." थोरला भाऊ, शब्द मोडवत नाही. दोन वर्षं ठोकले हंडे. हात चालतात, मी कुठंच नसतो. परत तिथं बसलो की संपलो.

पौष व. ११
तिसरा पत्रा. नाक उठलं! थोडे ठोके मारले की पत्रा खालच्या राळेच्या थरातून काढतो, तापवतो, परत राळेत बसवतो. सौ. भाता ओढते. म्हणाली, "एवढी काळजी माझ्या भाकरीची घेतली असती तर..." आणि हसली. पुष्कळ दिवसांनी.

माघ शु. ४
झाला.
वाडीच्या देवीचा जुना मुखवटा गेल्या शिमग्यात पालखीतून पडून कपाळाशी चिरला, म्हणून तर हे काम. जुन्याचं नाक पार झिजलेलं, गाल सपाट. मूळ कारागिरानं कसा घडवला असेल ते मनाशी धरून मी केला. इथं कशाला लाजू, याहून चांगलं काम माझ्या हातून झालेलं नाही. सौ.नं हात जोडले. अण्णा नुसते बघत राहिले. त्यांच्याकडून तेवढं पुष्कळ.

माघ शु. ७
कौल डावा.
मोटारीनं पोलादपूर, पुढं चढ पायी. गुरवानं मुखवटा देवीपुढं ठेवला, देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी तर नाही. तीनदा लावला. तीनदा डावी. गावकरी माझ्याकडं बघेनात.
शिमग्याआधी चिंच-राखेनं मुखवटा घासायचा मान भागीआजीच्या घरच्या बायकांचा. आजीला आता दिसत नाही. मागं सून उभी, पदर ओढून, गप्प. आजीनं माझ्या मुखवट्यावरून हात फिरवला नि बाजूला सारला. "ही कोण रे? ही आमची आय नाय." मग माझा अंगठा धरून जुन्याच्या गालावर टेकवला. तिथं खळगा. तिच्या अंगठ्याचा, तिच्या सासूच्या, तिच्याही सासूच्या.
मी बघायचा चेहरा केला. ही त्याला हातानं ओळखते.

माघ व. २
जेवलो नाही. अण्णा : "देवीलाच पसंत नाही म्हटल्यावर माणसानं समजून घ्यावं." राग येतो. अण्णांचा, म्हातारीचा, देवीचा. देवीचा येतो हे फक्त इथं लिहितो.

माघ व. ९
सहा दिवस चिंच-राखेनं घासतोय. जास्तच लखलखतो मेला. इतक्या पिढ्यांची झीज मी सहा दिवसांत कुठून आणू?
उरला एकच उपाय. सौ.ला सांगितला. "अहो, नको. असाच घरात ठेवू." घरात ठेवून काय करू? पालखीत बसला तर मुखवटा, नाहीतर तांबं.

माघ व. १०
जुन्यासारखं चेपून बसवलं नाक. लाकडी हातोडीनं. गालाला खळगा दिला. उठवायला पंधरवडा लागला होता, बसवायला घटकासुद्धा नाही. रडलो.

फाल्गुन शु. ६
परत वाडीवर. या खेपेला पाकळी पडलीच नाही. सकाळपासून उन्हं कलेपर्यंत बसलो. दोन्ही तशाच, वाळून चिकटलेल्या. गुरव म्हणाला, "आय बोलत नाय. जबरी कशी करायची?" पालखीत जुनाच बसणार, कपाळाला फडकं बांधून.
भागीआजीनं माझा मांडीवर घेतला. बराच वेळ चाचपला. "ठेव हितंच. मी घासीन."
किती दिवस, विचारलं.
"मला काय ठावं? हाताला वळख पटली म्हंजे कळंल."

चैत्र शु. १
पाडवा. अण्णांच्या शेजारी बसलो. हंडा.

वैशाख व. ३
भागीआजी गेली. तिची सून आज दुकानाशी आली, टोपलीत मुखवटा. घासायचा मान आता तिचा. अण्णा ऐकत होते म्हणून तिला मागच्या पडवीत नेलं. सौ.नं पाणी दिलं.
"जुन्यावर माझा हात बसत नाय, दादा. तो खळगा सासूबायच्या अंगठ्याचा. ह्याच्यावर पन नाय. तुमी पयल्यांदा आणलेलात, तवाचं तोंड मी बघितलेलं. बघताच वाटलं, आली आय. पन सासू म्होरं असताना सुनेनं कसं बोलायचं?"
मी टोपलीतून मुखवटा उचलला.
"नाक परत वर काढता? शिमग्याला पुन्यांदा कौल लावू. गुरवाला इचारूनच आणलाय."
म्हटलं, नवा पत्रा घेतो, नवा करतो.
"नवा नको म्हणतो गुरव. ह्यालाच आयनं उत्तर द्यायचं बाकी हाय."
टोपली ठेवून गेली.
मुखवटा उलटा करून नाकाच्या जागी नखानं दाबून बघितलं. नख रुततं. एकदा ताणलेलं, मग चेपलेलं. तापवलं तरी पातळ ते पातळच. नाक परत उचलायला गेलो तर बहुधा फाटेल, आणि हा फाटला की पुढं काही नाही. नाही उचललं तर मुखवटा असाच मेलेला राहणार, माझ्याच हातचा.
अण्णा दुकानातून हाका मारताहेत, हंडा अर्धा पडलाय. सौ.नं काही न विचारता राळ वितळायला ठेवली आहे. मी अजून हातोडी उचललेली नाही.