खाडा, ढाल आणि पोपटरावांची सही

मी शंभू धोंडिबा कोळपे, वय साठ, धंदा शेती व मेंढ्या, राहणार कवठे येमाई, तालुका शिरूर. येत्या सोमवारी माझ्या उजव्या गुडघ्याचे ऑपरेशन आहे. भूल दिल्यावर माणूस काय बोलेल याचा भरवसा नाही, म्हणून शुद्धीत असताना, कोणाच्या दडपणाखाली न येता हे लिहून ठेवतो. बायको बानूबाई शेजारी बसली आहे, पण ते दडपण बेचाळीस वर्षांचे असल्याने धरू नये.

१. राहते घर व विहिरीकडची दोन एकर जमीन बानूबाईच्या हयातीपर्यंत तिची. तिच्यामागे मुलगा सुरज आणि मुलगी स्वप्नाली यांची निम्मी निम्मी. मोजणीच्या दिवशी सुरजने मोबाईल घरी ठेवावा.

२. मेंढ्या व लोकर कातरायची कातर सुरजला. कातरीला धार आहे, सुरजला यावी.

३. पतसंस्थेतील ठेव स्वप्नालीला. ती कबड्डीच्या लीगमध्ये खेळते. दुखापत झाली की मानधन बंद, असे त्यांच्या करारात कलम आहे, आणि ते निघेपर्यंत सही करायची नाही असे सगळ्या मुलींनी ठरवले आहे. तेवढ्या दिवसांचा त्यांचा जेवणखर्च या ठेवीतून व्हावा. आमच्यासारखे मुके राहू नका, एवढे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "आबा, आमी कशाला मुकं ऱ्हातोय? आमच्याकडं माईक हाय."

४. मुके राहण्याचा खुलासा. १९९७ साली मी एका कारखान्याच्या कबड्डी संघाचा कप्तान होतो. कारखान्याचे नाव वकिलांनी लिहू दिले नाही. आम्हाला नोकरी दिली खेळाडू म्हणून, आणि सामन्याच्या दिवशी हजेरीपटावर लावायचे खाडा. कारखान्यासाठी खेळायचे आणि कारखान्यातच गैरहजर. खेळायला नकार दिला तर काढून टाकतील, म्हणून आम्ही सातांनी युक्ती केली. मैदानात उतरायचे, चढाईला जायचे, पण 'कबड्डी' म्हणायचे नाही. मुकी चढाई पंच लगेच बाद ठरवतात. कामगाराने तोंड उघडलेच पाहिजे असे मात्र कोणत्याही कायद्यात नाही.

अंतिम सामन्यात पाच चढाया मुक्या झाल्या. मॅनेजर घामाघूम झाले. सहाव्या चढाईला आमच्या सातांतलेच वरवंडचे पोपटराव रासकर गेले आणि रेघ ओलांडताच 'कबड्डी कबड्डी' करत एक गडी मारून परत आले. मॅनेजरने टाळ्या वाजवल्या, बाकीच्यांचा धीर सुटला, संप मोडला. खाडा कायम राहिला आणि सोमवारी मला घरी पाठवले. पोपटराव तिथेच मैदानात हात जोडून म्हणाले, "कप्तान, म्या मुद्दाम न्हाई वो केलं. रेघ वलांडली आन् जीभ आपसूक सुटली."

मी चारचौघांत त्यांना फितूर म्हटले. तो शब्द वरवंडपर्यंत गेला. पुढे त्यांच्या लेकीच्या सोयरिकीतही तो आडवा आला असे कानावर आले, तरी मी अठ्ठावीस वर्षे त्यांच्याशी बोललो नाही.

गेल्या महिन्यात शिक्रापूरच्या चौकात रस्ता ओलांडत होतो. दोन्हीकडून ट्रक, स्वप्नालीने दंड धरलेला. पांढऱ्या पट्ट्यावर पाय पडला आणि माझ्या तोंडून आपोआप 'कबड्डी कबड्डी' सुरू झाले. पलीकडे पोचेपर्यंत दम सोडला नाही. पोरगी म्हणाली, "आबा, कुणाला बाद करायला निघालाय?" ती हसत होती, मी टपरीवर बसून राहिलो. पोपटराव खरे बोलले होते, आणि मला फार लाज वाटली.

५. म्हणून 'फितूर' हा शब्द मी या कागदाने परत घेतो.

६. त्या सामन्याची उपविजेतेपदाची ढाल पोपटरावांना द्यायचे मनात होते. बानूबाई ती दुधाच्या पातेल्यावर झाकते. वकील म्हणाले, साक्षीदाराला वाटा दिला की उद्या कोर्टात फाटे फुटतात. एकतर ढाल द्या, नाहीतर सही घ्या. मी सही निवडली. ज्याच्यावर भरवसा नाही असे मी जगाला सांगितले, त्याच्याच भरवशावर माझा शेवटचा कागद राहावा. ढाल पातेल्यावर राहील. ते येतील का, हे ठाऊक नाही. निरोप घेऊन स्वप्नाली आज सकाळी वरवंडला गेली आहे.

ता. क. (माझ्या हाताने) : दुपारी पोपटराव आले. केस सगळे पिकलेत. दुसऱ्या साक्षीदार, अंगणवाडीच्या गिताबाईंनी वरचा मजकूर त्यांना पहिल्यापासून वाचून दाखवला. पाचवे कलम त्यांनी खुणेने पुन्हा वाचायला लावले. मग चष्मा पुसला, पेन घेतले आणि सही केली. येताना, बसताना, सही करताना एक अक्षर बोलले नाहीत. कप्तान या नात्याने नोंद करतो की या वेळी संप मोडला नाही.

ठिकाण : कवठे येमाई
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार : शंभू धोंडिबा कोळपे (सही)

साक्षीदार :
१. गिताबाई रामा पांढरे, अंगणवाडी सेविका, कवठे येमाई (सही)
२. पोपटराव गेनू रासकर, वरवंड, तालुका दौंड (सही). सहीखाली त्यांच्याच अक्षरात : 'हजर'.