‘रिकामी’ हा शब्द या घरात बंद

मी, मोतीराम बाळाजी निमसे, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वीचा धंदा कारखान्यात टर्नर, हल्लीचा धंदा खोकणे, राहणार पंचवटी, नाशिक, स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो की, माझे डोके ठिकाणावर आहे. हे लिहायला मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट तिघांनी नको म्हणून सांगितले. वकीलसाहेबांनी दीड पानाचा मसुदा करून दिला होता, पण त्यात मी कुठेच सापडेना, म्हणून तो बाजूला ठेवला. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि यानंतर करण्याइतका दम छातीत राहिलेला नाही.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, पडवी आणि मागची पत्र्याची शेड, माझा मुलगा सहादू याला मिळावे. सहादू मुलगा वाईट नाही. फक्त समोरचा माणूस जोरात बोलला की त्याला ते लगेच पटते. पुढची कलमे त्यामुळेच लिहावी लागत आहेत.

कलम २. पोस्टातली शिल्लक आणि माझी पत्नी कै. रंगूबाई हिच्या पाटल्या सून सुलाबाई हिला मिळाव्यात. रंगूबाईने जाताना तसे सांगितले होते. तेव्हा सहादू खोलीत नव्हता, मी होतो.

कलम ३. हत्यारे. दोन ठासणीच्या बंदुका, अकरा तलवारी, चार ढाली, दोन दांडपट्टे, सागवानी पेटी आणि तिची किल्ली. आमचे मंडळ दर शिवजयंतीला रामशेज किल्ल्याच्या पायथ्याशी गडाच्या लढाईचा देखावा करी. निम्मे आम्ही मावळे, निम्मे मोगल, आणि बघायला दिंडोरीपासून बैलगाड्या येत. त्यातले प्रत्येक पाते मी घासले आहे आणि मुठीखाली माझी कानशीची खूण आहे. मंडळाचे अध्यक्ष देवराम फडोळ चार गावांत सांगत फिरतात की हत्यारे मंडळाची आहेत. त्यांनी मुठी उलट्या करून बघाव्यात.

ही सगळी हत्यारे मी सुलाबाईच्या नावे करतो, सहादूच्या नाही. बंदुका माझ्या परवान्यावर आहेत. मी गेलो की त्याच दिवशी त्या पोलीस ठाण्यात जमा कराव्यात आणि सुलाबाईला कलेक्टर कचेरीतून परवाना मिळाल्यावरच घरी आणाव्यात. परवान्याचा अर्ज मी लिहून पेटीत ठेवला आहे.

बाईमाणसाच्या हातात हत्यारे का, हा प्रश्न येईल, म्हणून उत्तर देऊन ठेवतो. देखावा बंद पडून आठ वर्षे झाली. या आठ वर्षांत दर महिन्याला पेटी उघडून, तेलाचा बोळा फिरवून, मोजून परत ठेवायला माझ्याबरोबर एकच माणूस बसले. ते म्हणजे सुलाबाई. ती नामपूरची आहे, लग्न होऊन आली तेव्हा तिने बंदूक नुसती लांबून पाहिली होती. पहिल्याच दिवशी मी तिला एक बंदूक पुढे करून म्हणालो, घे, यात काही नाही. ती हात मागे घेऊन म्हणाली, “मामंजी, तुम्ही सांगू नका. भरेल शे का नई, ते गज सांगी.” बंदुकीच्या नळीत घालायचा लोखंडी गज ती मागत होती. हे मला चाळीस वर्षे सुचले नव्हते.

कलम ४. हे कलम वकीलसाहेबांनी गाळायला सांगितले होते. मी गाळणार नाही.

१९७८ च्या शिवजयंतीला, दुपारच्या तालमीत, कोंडाजी पिंगळे यांचा डावा डोळा गेला. कोंडाजी मखमलाबादचा, झेंडूची शेती करतो, शाळेपासूनचा माझा मित्र, आणि देखाव्यात मोगल सरदार तोच व्हायचा. सकाळी मी बंदुकांत दारू आणि चिंधीचा बोळा ठासून ठेवला होता. छर्रा नव्हता, तो कधीच नसे. फोटोवाला आला. किल्लेदाराच्या वेषातले देवराम माझ्याकडून बंदूक घेताना म्हणाले, “मोतीराम, भरलेली नाय ना?”

मी म्हणालो, “रिकामी हाय.”

आता ‘रिकामी’ म्हणजे काय ते ऐका. आम्हा दारू ठासणाऱ्यांच्या बोलीत ज्या नळीत छर्रा नाही ती रिकामी. आत दारू असो, बोळा असो, रिकामीच. आमच्या गावी, सायखेड्याला, रानडुकरे नुसत्या आवाजाने हाकायची असली की माझे वडील म्हणत, रिकामी घे रे. मी तेच बोललो. देवरामांनी तेच ऐकले जे बाजारातला कोणीही ऐकेल. त्यांनी दोन हातांवरून कोंडाजीच्या तोंडावर नेम धरला. फोटोवाला म्हणाला, घोडा ओढा, छान दिसेल. ओढला, आणि बोटातून सुटला. पेटता बोळा डोळ्यात गेला.

देवरामांनी सगळीकडे सांगितले की कोंडाजीच मधे आला. दवाखान्यात हवालदार जबानी घ्यायला आले तेव्हा मी खाटेच्या पायथ्याशी चहाचा थर्मास धरून उभा होतो. कोंडाजी म्हणाला, “माझाच पाय घसरला, साहेब. मीच आडवा गेलो.” मी थर्मासाचे झाकण घट्ट करत राहिलो. मंडळाला वाटते त्याने देवरामांना वाचवले. त्याने मला वाचवले. माझा परवाना गेला असता, कदाचित नोकरीही. पुढे मंडळाने कोंडाजीला शाल आणि नारळ दिला, आणि भाषणात देवराम म्हणाले की कलाकाराने सावध असावे. मी टाळ्या वाजवल्या. ही गोष्ट मी आज प्रथम लिहीत आहे आणि मला तिची लाज वाटते.

कलम ५. यंदा देवरामांना देखावा पुन्हा उभा करायचा आहे. गेल्या महिन्यात ते आले, सहादूने खुर्ची पुसून दिली. म्हणाले, “नियम-बियम नंतर बघू, आधी हत्यारं द्या.” सहादू म्हणाला, “बरोबर हाय, काका.” मृत्युपत्र नसेल तर पेटी सहादूकडे जाईल आणि दुसऱ्या दिवशी देवरामांच्या जीपमध्ये असेल.

तुम्ही विचाराल, मग पाती मोडीत घालून मोकळा का होत नाहीस. कारण कोंडाजी. बुधवारचा बाजार उठला की तो चहाला येतो. म्हणतो, “मोत्या, डोळा गेला, सोंग नाय गेलं. मला त्या गडावर अजून एकदा चढाई करायचीय. आणि मोगल काणा असला तर पब्लिकला लय आवडल.” तेव्हा देखावा व्हावा, जरूर व्हावा, पण खालील नियम भर मैदानात वाचून दाखवल्यावरच सुलाबाईने किल्ली लावावी. एकाने जरी तोंड वाकडे केले तरी पेटी उघडू नये.

बंदूक देणाऱ्याने तोंड उघडायचे नाही. घेणाऱ्याने विचारले तरी नाही. त्याच्या हातात गज द्यायचा. गजावर मी कानशीने खाच पाडली आहे. गज खाचेपर्यंत आत गेला तर नळीत काही नाही, खाच बाहेर राहिली तर आहे. घेणाऱ्याने स्वतः घालून बघायचे, मग तो किल्लेदार असो की अध्यक्ष. ‘रिकामी’ हा शब्द या घरात आणि त्या मैदानात बंद.

माणसावर नेम कधीही धरायचा नाही, तालमीत नाही, फोटोसाठी तर मुळीच नाही. बार उडवताना नळी आभाळाकडे आणि समोर पंचवीस पावले मोकळी. दारू वेगळ्या पितळी डब्यात, पेटीपासून लांब, आणि तिथे विडी ओढणाऱ्याला सरळ घरी पाठवावे, तो पाहुणा असला तरी. पात्यांची धार मी बोथट केलेली आहे, टोके चार आण्याच्या नाण्याएवढी गोल केली आहेत. ती कोणी शौक म्हणून परत पाजळू नयेत. भोसकायचे नाही, वार फक्त ढालीवर, आणि तोही ठरलेल्या आकड्यावर.

कोणाला लागले, कोणी घाबरले, तर “पाणी” असे ओरडायचे. ते ऐकताच सगळ्यांनी हत्यार जमिनीवर टेकवायचे. “थांबा” चालत नाही. ते किल्लेदाराच्या भाषणात सात वेळा येते, त्यामुळे त्या दिवशी मी “थांबा” ओरडलो तेव्हा बार ऐकून निघालेले मागचे मावळे आणखी जोरात धावत आले.

कलम ६. लाकडी तोफ. गडावर लाकडी तोफा होत्या असे म्हणतात म्हणून मी बाभळीची एक केली, वरून कातडे चढवले. तिच्यात सुतळी बाँब लावायचा मोह प्रत्येक नव्या मावळ्याला होतो. तिचे कातडे काढावे आणि लाकूड माझ्या सरणावर घालावे. घालण्याआधी तोंडात हात घालून बघावे.

कलम ७. देवराम फडोळ यांना मी एक फोटो ठेवतो, घोडा सुटण्याच्या आधी काढलेला. फोटोवाल्याने दुकान बंद करताना तो माझ्या हातात दिला. त्यात देवराम नेम धरून हसत आहेत, कोंडाजी हसत आहे, आणि कडेला मीही हसत आहे. एक प्रत देवरामांना द्यावी, दुसरी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावी. देवरामांशी माझे भांडण मी इथे संपवतो. त्यांना मी जे सांगितले ते त्यांनी ऐकले, चूक पहिली माझी होती. नंतरचे खोटे त्यांचे आहे, ते त्यांनी बघून घ्यावे.

कलम ८. कोंडाजी पिंगळे यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. वकीलसाहेब म्हणतात, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार नसलेले बरे. मला तो साक्षीदार हवा आहे. त्याने वरचे सगळे आधी वाचावे, मग सही करावी. न करण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. त्याने नाही केली तर दुसरा साक्षीदार मी शोधणार नाही, आणि कायद्याला दोन लागतात, म्हणजे हा कागद फुकट जाईल आणि पेटी जीपमध्ये जाईल. हे मला ठाऊक आहे. तरी दुसऱ्या कोणाची सही मला चालणार नाही.

येणेप्रमाणे सगळे मी लिहिले, वाचले, माझेच आहे.

मोतीराम बाळाजी निमसे (सही)
नाशिक, दिनांक १९ फेब्रुवारी १९८६, बुधवार

साक्षीदार पहिली: वत्सलाबाई काकड, शेजारी, निवृत्त परिचारिका. मोतीरामभाऊंनी माझ्यादेखत सही केली. ते पूर्ण शुद्धीवर होते व सकाळपासून कोणाचे ऐकत नव्हते. (सही)

साक्षीदार दुसरा: कोंडाजी पिंगळे, मखमलाबाद, धंदा फुलशेती. मोत्याने माझ्यासमोर सही केली. सगळं वाचलं. एक डोळा हाय म्हणून दोनदा वाचलं. तो काय बोलला होता ते मी त्या दिवशीच ऐकलं होतं, मी जवळच उभा होतो. आठ वर्षं वाट बघत होतो, तो कधी बोलतो. आता मोत्याने पेन पुढं केलं. मी विचारलं, शाई हाय का यात? तो काही बोलला नाय. मी टोपण काढलं, नखावर ओढून बघितलं. शाई होती. मग सही केली.

कोंडाजी पिंगळे (सही)