पांढरी पट्टी, पिवळी पट्टी

प्रिय मावशी,

गुडघा कसा आहे हे विचारायला फोनच केला असता, पण हे फोनवर बोलण्यासारखं नाही. तू मध्येच काहीतरी फटकन बोलतेस आणि मला हसू फुटतं. आज हसायचं नाहीये.

आमच्या हॉस्पिटलातले पांढरे युनिफॉर्म गेले, हे तुला ठाऊकच आहे. आता सगळ्यांना एकसारखे स्क्रब, म्हणजे सैल सदरा-पायजमे, वांगी रंगाचे. सिस्टर, मावश्या, एक्स-रेवाले, सगळे एकाच मळ्यातले! फरक एवढाच की आम्हा सिस्टरांच्या खिशावर पांढरी पट्टी आणि मावश्यांच्या खिशावर पिवळी. खरं सांगू? सुरुवातीला मला ते आवडले. भरपूर खिसे, डागांची धास्ती नाही, लहान मुलांच्या वॉर्डात रडारडही कमी. पण दुखण्यानं बेजार झालेल्या माणसाला पट्टी बघायला कुठली सवड! एकानं मला मावशी समजून बेडपॅन आणायला सांगितलं, आणि मी अशी फणफणले की नंतर माझीच मला लाज वाटली. तू जन्मभर वॉर्डात मावशी म्हणून राबलीस आणि पोटाला चिमटा काढून मला शिकवलंस, ते लोकांनी मला सिस्टर म्हणावं म्हणून.

आता मुद्द्याचं. आमच्या वॉर्डात एक मावशी आहे. तिला सगळे ‘घाई’ म्हणतात, कारण फरशीसुद्धा ती पळत पळत पुसते. गेल्या आठवड्यात ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्या एका आजोबांच्या सुनेनं तिला विचारलं, सिस्टर, बाबा कासावीस झालेत हो, घोटभर दूध देऊ का? घाई म्हणाली, द्या की. भूल दिल्यावर आजोबांना उलटी झाली आणि ती फुप्फुसात गेली. अजून ते मशीनवर आहेत. सून बाहेरच्या बाकावर बसून असते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, मी सिस्टरना विचारूनच दिलं होतं.

उद्या चौकशी आहे. आमच्या सगळ्याजणींचं ठरलंय, की घाईनं नर्स असल्याचं सोंग घेतलं असं सांगायचं. म्हणजे तिची नोकरी जाईल आणि आमचे पांढरे युनिफॉर्म परत येतील. ड्यूटी माझी होती, म्हणून पहिल्यांदा मलाच बोलावणार. पांढरा कपडा परत यावा असं मलाही वाटतं. घाबरलेल्या माणसाला लांबूनच कळायला हवं, कुणाला विचारायचं ते. पण सोंग? काल चादरींच्या खोलीत घाईला एकटीला गाठून विचारलं, का असं सांगितलंस गं? ती घड्या घालत राहिली. मग म्हणाली, इतकी वर्षं ‘ए मावशी, इकडे ये’ असंच ऐकलं. त्या बाईनं सिस्टर म्हटलं, वर अहो-जाहो केलं. नाही म्हणायला जीभच रेटली नाही.

हे तिनं फक्त मला सांगितलंय. चौकशीत सांगितलं तर तिचं कठीण आहे, आणि गिळून टाकलं तर त्या सुनेच्या तोंडाकडे मी कुठल्या तोंडानं बघू? विचार करकरून डोक्याचा भुगा झालाय. शेवटी ठरवलं, सगळं सांगायचं. ती काय म्हणाली तेही, आणि यात सोंग नव्हतं हेही. सगळ्यांना एका रंगात बुडवताना, कुणी सिस्टर समजून विचारलं तर काय सांगायचं, हे मावश्यांना चार शब्दांत समजावायला कुणी बसलं नाही, हे तर ठासून सांगणार. बाकीच्या माझ्याशी अबोला धरतील. धरू देत. घाईची नोकरी वाचेल की नाही, देव जाणे.

आणि हे तुला का लिहितेय? मागच्या खेपेला तुझ्या नव्या घरी आले होते, तेव्हा खालच्या मजल्यावरची बाई दारात आली. सिस्टर आहेत का, म्हणाली. तू पटकन केस सारखे केलेस आणि म्हणालीस, आहे ना, या. तिच्या तान्ह्या बाळाला तापाचं औषध किती द्यायचं, ते तू तिला सांगितलंस. मी आत कप विसळत होते. तुझा चेहरा इतका खुलला होता, की माझ्याच्यानं काही बोलवलं नाही. मावशी, मला त्याचा राग आलेला नाही, शपथ. मला भीती वाटतेय. ती बाई पुन्हा आली तर बाळाला डॉक्टरकडे न्यायला सांग, आणि वॉर्डात तू कोण होतीस तेही सांग. एकटीला जमणार नसेल तर मी रविवारी येते. दोघी मिळून खाली जाऊ, मी तुझा हात धरून उभी राहीन, पण सांगायचं तूच.

तुझीच,
बडबडी