बर्फाच्या गाडीचा ब्रेक

९ ऑक्टोबर, बुधवार

नवापूर नाक्यावर आज गाडी थांबलीच नाही!

समोर रिक्षा. ह्यांनी ब्रेक दाबला, पेडल पार तळाला टेकलं, आणि गाडी आपली चाललीच आहे. शेवटी हँडब्रेक ओढला तेव्हा थांबली, तीही रिक्षाच्या नंबरप्लेटला चिकटून. मागे बर्फाच्या लाद्या धाडकन पुढे आल्या. मला वाटलं पाठीतच घुसतात.

रिक्षावाला उतरून ओरडायला लागला — "चाचा, दिखता नहीं क्या?" ह्यांनी उलट त्यालाच झापलं. पण हात स्टिअरिंगवरून निघत नव्हते.

घरी आल्यावर म्हणाले, "मागे वजन होतं, नर्मदा. वजनाची गाडी अशीच थांबते."

मी कणीक मळायला घेतली.

१० ऑक्टोबर, गुरुवार

दिवसभर नाका डोळ्यांसमोरून हलला नाही.

ही पिकअप घेऊ नका म्हणून मी किती सांगितलं होतं. तासगाव सोडून बोईसरला आलो ते ह्यांच्या नोकरीसाठी. कापड रंगवायच्या कारखान्यात जन्म गेला. रिटायर झाल्यावर आता जरा बसू, असं मला वाटलेलं. पण ह्यांना घर खायला उठायचं. उन्हाळ्यात पाम गावच्या धर्माजीने गाडी विकायला काढली. तो कारखान्यात ह्यांच्याच शिफ्टला होता. मासळीच्या धंद्यात होती ती गाडी. ह्यांनी मला विचारलं नाही, नुसतं सांगितलं.

आता रोज सकाळी बोईसरहून नवापूरच्या किनाऱ्यावर बर्फ न्यायचा. येताना तिथली जमनाबाई आणि तिच्याबरोबरच्या कोळणी मासळीच्या टोपल्या घेऊन मागे बसतात, त्यांना बाजारात सोडायचं. एकटे जाऊ नका म्हणून मी शेजारी बसते. माझं मरण मीच ओढवून घेतलं. कंबर धरून येते रोज.

काल त्या बायका मागे असत्या तर? लाद्या जशा आल्या तशा त्या —

नको.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

हे गाडी दाखवून आले. रस्त्यावरच्याच कुठल्या तरी मिस्त्रीला. "तेल कमी होतं ब्रेकचं, बस. टाकलं. आता एकदम झकास!" हसत हसत चहा मागितला.

मला का हसू येत नाही?

१२ ऑक्टोबर, दसरा

गाडी धुतली. झेंडूचं तोरण, नारळ, सगळं केलं. चाकाजवळ रांगोळी काढायला वाकले तर मागच्या टायरची आतली बाजू ओली दिसली. आधी वाटलं धुतल्याचं पाणी. बोट लावलं. चिकट! हे तेलच.

ह्यांना हाक मारली. वाकूनसुद्धा बघितलं नाही. "सणाचा दिवस आहे. आज तरी काही काढू नकोस."

मग काय. त्याच चाकाला हळदकुंकू वाहिलं. बोट मात्र तीनदा साबणाने धुतलं तरी वास जाईना. श्रीखंडालाही तोच वास येत होता.

१४ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी बॉनेट उघडून बघायला लावलं. ब्रेकच्या तेलाची बाटली पुन्हा अर्ध्यावर! शुक्रवारी भरलेली.

मी म्हटलं, मी बसणार नाही ह्या गाडीत.

"मग बस घरी."

गेले. आवाज दूर जाईपर्यंत मी दारात उभी. मग गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. शेजारची भाग्यश्री विचारते, "काकू, कुणाची वाट बघताय?" काय सांगणार! भाजीवाल्याची, म्हटलं.

आले सुखरूप. गाडी कशी चालली ते न सांगताच जेवून आडवे झाले. मी भांडी घासत बसले. भांडायलाही अंगात त्राण लागतं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

जमनाबाईला फोन करून खरं ते सांगितलं. नवऱ्याची चहाडी केल्यासारखं वाटलं, पण सांगितलं. ती मग म्हणाली, "ताई, तुमी नाय बसत तं आमी कशाला बसू?"

आणि तिने ह्यांना तोंडावर सांगितलं म्हणे — "काका, बर्फ तेवढा उतरवा. आमी नाय येत. आमची पोरं हायत घरी."

मी इतकं बोलले ते भिंतीला. जमनाचं एक वाक्य लागलं! घरी येऊन चपला न काढताच खुर्चीत बसले. "उद्या टाकतो गॅरेजला. झालं समाधान?"

झालं नाही. पण बरं वाटलं.

१६ ऑक्टोबर, बुधवार

पालघर रोडला निमेशचं गॅरेज आहे. तिथे चारही चाकं काढायला लावली. तो आधी म्हणत होता दोनच काढू. फोनवर बोलत बोलतच काम करतो तो, वीट येतो. पण डाव्या मागच्या चाकाशी आला आणि फोन खिशात टाकला.

"काकू, इकडे या."

चाकाला तेल नेणारी नळी असते, बारीक. ती कुणीतरी पकडीने चेपून, वाकवून बंद केलेली! म्हणजे त्या चाकाला ब्रेकच नाही. उजव्या चाकात तेल गळून गळून आतला लायनर, चाक घासून थांबवणारी पट्टी, भिजलेला, तो धरणार कसा? पुढच्या चाकांचे ब्रेकपॅड झिजून नुसतं लोखंड उरलंय. खाऱ्या पाण्याने सगळीकडे गंजाचे पापुद्रे.

"मग आम्ही थांबत कसे होतो?" मी विचारलं.

निमेश म्हणाला, "थांबत होता ते नशीब."

हे टायरवर बसून राहिले. त्या चेपलेल्या नळीकडे बघत. मला वाटलेलं रागावतील. नाही. एकदम म्हातारे दिसले.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

पामला गेलो, धर्माजीकडे, बसने. हे वाटेत नुसते पुटपुटत होते — कॉलरच धरतो, अमुक करतो. तिथे गेल्यावर धर्माजीच्या बायकोने पाणी दिलं, खुर्च्या दिल्या. हे पाणीच पीत राहिले. मग मीच विचारलं. नळी कुणी चेपली?

धर्माजी लपवाछपवी करेल वाटलं होतं. त्याने सरळ सांगितलं. "वाटेत तेल गळाया लागलं होतं, वहिनी. माल गाडीत, बर्फ वितळतोय. तिथल्या मिस्त्रीने नळी दाबून दिली. बोलला, घरी जाऊन नीट करा. मग गाडी चालत होती… तं चालवली."

"आम्हाला सांगायचं तरी!"

"इसरलो. खरंच इसरलो. माझी पोर रोज कॉलेजला याच गाडीतून जायची, वहिनी. मला आठवण असती तं तिला बसवली असती?"

तो हात जोडून उभा. नवं सामान मी आणून देतो म्हणाला. ह्यांनी मान डोलावली. परत येताना बसमध्ये हे खिडकीला डोकं टेकून झोपले. मला शिव्या द्यायला एखादा तरी वाईट माणूस हवा होता. मिळाला नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

सामान आलं नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

सामान आलं. एक भाग चुकीचा. धर्माजी पुन्हा बदलायला गेला. पाठ दुखतेय. जमनाबाई दुसऱ्या टेम्पोने मासळी आणते, तो तिला नाक्यावरच उतरवतो. तिथून टोपली डोक्यावर.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

झालं एकदाचं! नवी नळी, नवे लायनर, पुढचे पॅड, दोन्ही मागच्या चाकांतलं गळकं सगळं बदललं. शेवटी नळ्यांतली हवा काढायची होती. आत बसून कुणीतरी पेडल दाबायचं आणि निमेशने खाली झोपून स्क्रू सोडायचा. हे धर्माजीबरोबर चहाला गेलेले. निमेश म्हणाला, "काकू, बसता?"

जन्मात पहिल्यांदा त्या सीटवर बसले.

"दाबा… धरून ठेवा… सोडा. दाबा."

आधी पाय नुसता पोकळीत गेल्यासारखा. मग हळूहळू खालून काहीतरी उलटं दाबायला लागलं. शेवटी पेडल अर्ध्यातच घट्ट! मी दाबतच राहिले. निमेश खालून ओरडतोय — "बस काकू, झालं, झालं!"

२३ ऑक्टोबर, बुधवार

हे पुन्हा हसले. खैरापाड्याला कुत्रा आडवा आला, गाडी जागच्या जागी उभी! जमनाबाई मागून ओरडली, "आता कसं, काका!" बाजारात उतरताना तिने मला दोन बोंबील जास्त दिले.

आज मी चार वाजता आडवी झाले ती सहाला उठले. किती दिवसांनी अशी झोप लागली.

२८ ऑक्टोबर, सोमवार

बर्फाच्या कारखान्यात ह्यांनी गाडी भिंतीवर घातली. हळू होती म्हणून बरं, दिवाच फुटला. मी रागाने निमेशला बोलावलं, वाट्टेल ते बोलले. त्याने स्वतः चालवून दाखवली, वेगात नेऊन ब्रेक मारला. पहिल्या दाबातच थांबली. मला काही कळेना. तो बिचारा किल्ली माझ्या हातात ठेवून गेला.

तो गेल्यावर हे म्हणाले, "निमेशला नको बोलायला होतंस. ब्रेक चांगला आहे." मग, "पेडलवर पाय आहे की नाही तेच मला कळत नाही गं."

मी खाली बसले. त्यांचा उजवा पाय मांडीवर घेतला. अंगठा दाबला. "कळतं?" "नाही." तळवा दाबला. टाच. नख रुतेपर्यंत दाबली. "नाही."

"कधीपासून?"

"गाडी घ्यायच्या आधीपासून."