खेकडेवाडीचा पोस्टमास्तर

४ जानेवारी, रविवार. थळ.
आजच्या पेपरात अर्धं पान दत्ताराम. प्रेसच्या दारात उभा, गळ्यात मफलर. मथळा, 'वाकडी नांगी'चा जनक. जनक म्हणे! मासिक त्याचं, अलिबागचा प्रेस त्याचा, चित्रं त्याची. कबूल. पण शेवटच्या पानावरची पत्रं? 'खेकडेवाडीचा पोस्टमास्तर' सरपंचापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांना चिमटे काढायचा, ती पत्रं सहा वर्षं मी लिहिली. याच टेबलावर, पोरांच्या वह्या तपासून झाल्या की. लेखात एकच ओळ, 'पोस्टमास्तरही तेच.'
चहा गार झाला. दुसरा केला नाही.

६ जाने., मंगळ.
पुण्याहून निलेशचा फोन. "आई, दत्ताकाकांचं ते टाकीचं पत्र ग्रुपवर फिरतंय. काय लिहायचा माणूस!" पोटच्या पोराला ठाऊक नाही. ह्यांना ठाऊक होतं, ते गेले. मी म्हटलं, "हो, बरं आहे."
मग उघडून वाचलं. 'आमच्या गावी पाण्याची टाकी बांधून झाली, उद्घाटनही झाले. पाणी कुठून आणायचे एवढेच ठरायचे आहे. तोवर टाकीवर चढले असता समुद्र उत्तम दिसतो.'
बरं नाही. फक्कड आहे. खाली हसऱ्या चेहऱ्यांची ही रांग. सगळी द.च्या नावावर.

९ जाने., शुक्र.
ऋतुजा नावाची मुलगी आली. मुंबईहून, रेवसला लाँचने, पुढे रिक्षा. 'नांगी'वर पुस्तक करतेय, आधी अलिबागच्या वाचनालयात प्रदर्शन. द.चे अंक पुरात गेले. त्यानेच तिला धाडलं, "बाईंकडे सगळे असतील, नेमाच्या वाचक आमच्या."
वाचक!
तिचे आजोबा सांगायचे, लाँचवर एकजण पोस्टमास्तरचं पत्र मोठ्यानं वाचायचा, धक्का आला तरी माणसं उतरायची नाहीत. हे मला कधी कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? द.ला सांगितलं असणार. मिशीत हसला असणार.
मी म्हटलं, "वाळवी लागली, टाकून दिले." बहात्तर अंक पलंगाखालच्या ट्रंकेत, कडुनिंबाचा पाला घालून. ती त्याच पलंगावर बसून पोहे खात होती.

१० जाने.
लबाडीची लाज वाटते. थोडी.

१४ जाने., बुध. संक्रांत.
तिळगूळ घेऊन द.कडे गेले. खरं तर भांडायला.
"पोस्टमास्तर तुम्ही का?"
"कोणी विचारलं तर मीच म्हणायचं, असं ठरलं होतं ना, बाई?"
"त्याला तीस वर्षं झाली!"
"ठरलेलं मोडल्याचं कळवलं नाहीत."
मी तिळगूळ पुढे केला. त्याने तिळगूळ डाव्या हाताने घेतला. उजव्याची दोन बोटं सरळ होत नाहीत.
टाकीचं पत्र छापून आलं त्या आठवड्यात कंत्राटदाराची माणसं प्रेसमध्ये शिरली होती. छपाईच्या खिळ्यांच्या पेट्या रस्त्यावर उलथल्या, जुळवलेला अख्खा अंक गटारात गेला. लिहिलं कोणी? द. म्हणाला, मी. तेव्हा बोटं दारात चेंगरली. मी सरकारी शाळेतली, नोकरीला भ्यायले. दोन महिने अलिबागच्या बाजारालाही गेले नाही. पत्रं मात्र टपालाने पाठवत राहिले. त्याने छापली. चित्रं डाव्या हाताने काढायला शिकला. त्या वाकड्या रेघेचंच आज कौतुक चाललंय, आणि मला त्या रेघेचाही हेवा वाटत आलाय. वाईट आहे हे. पण आहे.
निघताना म्हणाला, "मी सांगून टाकू सगळ्यांना?"
"नको."
का नको म्हटलं? लोक विचारतील, तेव्हा तुम्ही कुठे होता, बाई.

१५ जाने.
ऋतुजाला फोन केला. सापडले म्हटलं.
"आणि वाळवी?"
"ती दुसऱ्या पेटीला लागली होती."
हसली बहुतेक.

१८ जाने., रवि.
अंक घेऊन गेली. ट्रंक रिकामी. पलंगाखाली दोनदा वाकून पाहिलं, उगाच.

२४ जाने., शनि.
प्रदर्शन. द. मधोमध खुर्चीत, भोवती गराडा. शाल, फुलं, सेल्फी. मी मागे, पंख्याखाली. वडे वाटले. मी घेतला नाही.
ऋतुजा हळूच जवळ आली. "बाई, तुमच्या अंकांत प्रत्येक पत्रावर पेन्सिलीने दुरुस्त्या आहेत. शब्द खोडलेत, वर दुसरे घातलेत. छापून आल्यावर वाचक कशाला दुरुस्त करेल?"
मी चष्मा पुसायला घेतला.
"दत्ताकाकांना विचारलं. म्हणाले, बाईंना विचार. पुस्तक सोमवारी छपाईला जातंय. पत्रांवर नाव कोणाचं घालू?"
"सांगते," म्हटलं आणि पुढे सरकले.
टाकीच्या पत्रापाशी थळचीच एक कोळीण उभी होती, माझ्याहून थोडी लहान. बोट फिरवत वाचत होती. समुद्राच्या ओळीपाशी आली आणि अशी खदखदून हसली की सगळ्यांनी मान वळवली. डोळे पुसत मला म्हणाली, "कोनी लिवलंय गो बाय यो? आमचे गावची टाकी कशी म्हाइत त्याला?"
समोर द. माझ्याकडेच बघत होता. गराड्यातून, मान जरा वाकडी करून. 
तोंड उघडलं होतं मी. निघालं ते असं, "त्याच्या शेजारचं वाचा. ते जास्त जमलंय."
"तुला काय म्हाइत?" म्हणत ती शेजारच्या पत्राकडे वळली. वाचता वाचता तिच्या गालाला खळी पडायला लागली. कुठल्या ओळीवर हसू फुटेल ते मला माहीत होतं. मी तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिले.
ऋतुजाला अजून काही कळवलेलं नाही.